आईचा ठिपका

आई पासष्टीला आली त्या वर्षी तिने डोंगर चढायचे बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, सुनेसाठी का? तर म्हणाली, "नाही, सुनेला वेळ नसतो."

आम्ही भांडुपला राहतो. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर लालबागची खोली विकून इकडे आलो, आणि ते गेल्यावर आईने पहिलं वर्ष खिडकीत बसून काढलं. मग बिल्डिंगमागच्या बागेत सकाळी चालायला जायला लागली. तिथे तिला आणखी पाच जणी भेटल्या. त्यातल्या दोघींची ओळख करून देतो, कारण पुढे त्यांच्याशीच माझी गाठ पडली. एक बँकवाल्या काकू. बँकेतून निवृत्त झाल्या, उजवा गुडघा दुखरा, पण कशाचीही यादी करायची हौस दांडगी. दुसरी कोळीण मावशी. तिने पंचवीस वर्षं आमच्या आळीत दारोदार मासळी विकली आणि आता धंदा सुनेच्या हाती देऊन मोकळी झाली होती. ती आईची सगळ्यात जवळची मैत्रीण. दोघी रोज भांडायच्या.

चालता चालता या सहा जणींना चढायची चटक लागली. आधी मुलुंडच्या बाजूची टेकडी, मग मिनी बस ठरवून थेट सह्याद्रीतले किल्ले. एकदा दुपारी चारला येणार म्हणून गेल्या आणि आठ वाजून गेले तरी पत्ता नाही. सहाच्या सहा फोन रेंजच्या बाहेर. बँकवाल्या काकूंचा मुलगा आणि मी गेटवर येरझाऱ्या घालत होतो. शेवटी बस आली. सहा जणी हसत उतरल्या. वाटेत कुणाच्या तरी घरी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली होती, म्हणून थांबल्या होत्या. आईने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही दोघं इथे काय करताय? जेवला नाहीत?"

माझा साकीनाक्याला छोटा गाळा आहे. ट्रक आणि टेम्पो कुठे आहेत ते मालकाला कळावं म्हणून जे ट्रॅकर लावतात, ते आम्ही जोडतो आणि दुरुस्त करतो. ते मोबाइलच्या टॉवरवर चालतात, त्यामुळे डोंगरात त्यांचा उपयोग शून्य. पण टॉवरशिवाय चालणारं काहीतरी बनवता येतं हे मला माहीत होतं. दोन महिने संध्याकाळी बसून मी साबणाच्या वडीएवढ्या सहा डब्या बनवल्या. डबीला आपण कुठे आहोत ते उपग्रहांवरून कळतं आणि दर दोन मिनिटांनी ती ते रेडिओवरून ओरडून सांगते. चार-पाच किलोमीटरवर, मध्ये डोंगर आडवा नसेल तर, माझ्याकडची अँटेना ते ऐकते आणि लॅपटॉपवरच्या नकाशात ठिपका उमटतो. सहा डब्यांना सहा रंग. गळ्यात अडकवायला नाडी.

आईने नाडी बोटावर धरून डबी दिव्यासमोर फिरवली. रागावली किंवा खूश झाली की ती मालवणीवर येते.

"मी काय म्हस आसंय? गळ्यात घंटा बांधतंस माझ्या?"

"घंटा वाजते. ही वाजत नाही."

"म्हणजे म्हशीपेक्षा वाईट. म्हशीला निदान कळतं की आपण वाजतोय."

तरी तिने घेतली, कारण त्या आठ वाजताच्या प्रकारामुळे तिला थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं. आणि इथे मी माझ्या हाताने माती खाल्ली. डबी नीट चालते का बघायचं म्हणून मी तिला एका शनिवारी ती घालून बाजारात पाठवलं आणि स्वतः गच्चीवर अँटेना लावून बसलो. आईला साखरेचा त्रास आहे. बाजारातून पुढे भजनाला जाते म्हणाली होती. ठिपका मंडईतून निघाला, देवळाच्या अलीकडे वळला आणि फरसाणवाल्याच्या दुकानात तब्बल बावीस मिनिटं उभा राहिला.

रात्री जेवताना मी भातावर आमटी घेत अगदी सहज विचारलं, "जिलबी गरम होती का?"

आईच्या हातातला डाव थांबला. बायको माझ्याकडे बघत राहिली. आईने मला आणखी एक डाव आमटी वाढली, जास्तच वाढली, आणि आत गेली. मी गालातल्या गालात हसत होतो. खरं सांगायचं तर डबी चालली याच्यापेक्षा आई सापडली याचाच मला जास्त आनंद झाला होता. त्या आनंदाची मला पुढे बरीच शरम वाटली, पण त्या रात्री मात्र मी दुसऱ्यांदा भात घेतला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात डब्यांची खरी परीक्षा ठरली. कर्जतच्या पुढची एक वाडी, वर एक पठार, पठाराच्या टोकाला पडका बुरूज. वाडीत रेंज नाही, वर तर नाहीच. वाट दाखवायला वाडीतलेच एक मामा होते, साठीचे, काटक, आणि सोबत त्यांची बायको. मी वाडीतल्या मारुतीच्या पारावर लॅपटॉप मांडला, बांबूला अँटेना बांधली आणि सहा जणींना एका ओळीत उभं करून सूचना दिल्या. माझ्याकडे लॅमिनेट केलेला कागदच होता. गट सोडू नये. डबी काढू नये. वाट चुकल्यास शोधत फिरू नये, जागेवर बसून राहावे.

"जागेवर बसून काय करावे?" बँकवाल्या काकूंनी विचारलं. त्या लिहून घेत होत्या.

"वाट बघावी."

"कुणाची?"

"माझी. मला ठिपका दिसतोच आहे."

कोळीण मावशीने आईकडे बघितलं, आईने मावशीकडे. इतक्या वर्षांच्या मैत्रीत माणसं जे बघण्यातच बोलून घेतात तसं काहीतरी झालं, आणि ते मला दिसूनही समजलं नाही. आईची पिशवी नेहमीपेक्षा फुगलेली होती हेही दिसलं. विचारलं तर म्हणाली, "वर गार असतं. बायकोनेच दिलंय तुझ्या, शाल आणि काय काय."

सात वाजता निघाल्या. पहिले दोन तास फार सुखाचे गेले. सहा ठिपके मुंग्यांसारखे नकाशावर चढत होते. काकूंचा लाल ठिपका मागे पडायचा, बाकीचे थांबायचे, मग पुन्हा माळ लागायची. मधेच एखादा ठिपका वाटेपासून दूर जायचा, दोन-चार मिनिटांनी परत यायचा. मी नजर वळवायचो. पारावर बसलेल्या एका आजोबांना मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू इथं बसून बायकांवर पहारा करतो." मी म्हटलं, पहारा नाही, काळजी. ते बरं म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

सव्वानऊला सहाही ठिपके एका जागी आले, दहा मिनिटं थांबले आणि पुन्हा निघाले. पण आता ते एकमेकांना चिकटून चालले होते. लाल मागे पडत नव्हता. कुणी फोटोला थांबत नव्हतं, कुणी आडोशाला जात नव्हतं. मला अभिमान वाटला. शिस्त लागली म्हटलं बायकांना. शेवटचा उभा चढ, ज्याला मी त्यांच्यासाठी एक तास धरला होता, तो सहा जणींनी वीस मिनिटांत पार केला. दुखऱ्या गुडघ्यासकट. मी तो नकाशा जपूनही ठेवला, बिल्डिंगमध्ये दाखवायला. मग खिंडीत सगळे ठिपके पाच मिनिटं थांबले आणि पुन्हा निघाले. पुढच्या झाडापाशी पुन्हा पाच मिनिटं.

आजोबांनी मान वाकडी करून पडद्याकडे बघितलं. "विडी ओढतोय," ते म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हणजे? आमचा हा. खिंडीत एक, जांभळीखाली एक. त्याची सवय हाय."

मी क्षणभर सहा जणी खिंडीत बसून विडी ओढताहेत असं चित्र डोळ्यांसमोर आणून बघितलं. कोळीण मावशीच्या बाबतीत ते अगदीच अशक्य नव्हतं. पण बाकीच्या पाच? मग कळलं, विडी मामा ओढताहेत आणि डब्या त्यांच्याजवळ आहेत. मी लॅपटॉप तिथेच आजोबांच्या भरवशावर टाकला, पाण्याची बाटली घेतली आणि पळत सुटलो. माझ्या खिशात जादाची एकही डबी नव्हती. केलीच नव्हती. हरवण्याचं काम बायकांचं आणि शोधण्याचं माझं, असंच मी धरून चाललो होतो.

पाऊण तासाने खिंडीच्या वर मामा सापडले. कातळावर पाय सोडून बसले होते. खांद्यावरच्या टॉवेलाला सहा डब्या ओळीने बांधल्या होत्या, तोरणासारख्या.

"मामा, बायका कुठे?"

"हायत."

"कुठे?"

"हायत म्हणजे हायत. आमची बायको हाय त्यांच्यासंग."

"आणि डब्या तुमच्याकडे कशा?"

मामांनी जरा विचार केला. "जड झाल्या म्हणाल्या."

साबणाच्या वडीएवढ्या डब्या. मी चिडलो. खरं सांगा म्हटलं. मामांनी विडी कातळावर विझवली आणि शांतपणे म्हणाले, "त्या आयाबहिणींना मी शब्द दिलाय. एक वाजता खाली येतील, सगळ्या धड येतील. तुम्ही जा आणि च्या प्या."

तेवढ्यात डाव्या अंगाला, खालच्या बाजूला कुठेतरी बायकांचं हसणं ऐकू आलं. मी त्या दिशेला वळलो. मामा उठून म्हणाले, "तिकडं नका जाऊ. कारवी हाय नुसती. वाट नाय." मी ऐकलं नाही.

कारवी म्हणजे डोक्याच्या वर जाणारी झुडपं, काठ्यांसारखी ताठ आणि दाट. हाताने बाजूला सारत, खरचटून घेत मी अर्धा तास उतरलो. पाण्याचा आवाज आला. कारवी संपली आणि मी एका कड्याच्या काठावर आलो. खाली ओढ्याचा डोह होता, हिरवा, स्वच्छ. मामांची बायको काठावर पाय सोडून बसली होती. बँकवाल्या काकू कमरेएवढ्या पाण्यात दगड धरून उभ्या होत्या आणि बहुतेक मोजत होत्या. कोळीण मावशी एकीला हनुवटीखाली हात धरून पोहायला शिकवत होती. आणि डोहाच्या मधोमध आई उताणी तरंगत होती. हात पसरलेले, डोळे मिटलेले, पांढरे केस पाण्यावर सुटलेले. कशालाही न धरता.

माझी आई पोहू शकते हे मला माहीत नव्हतं.

मी एक-दोन श्वासांएवढाच तिथे थांबलो असेन. मग एकदम लक्षात आलं की आपण इथे असता कामा नये, आणि मी चोरासारखा मागे फिरलो. त्या घाईत आलो तिकडून गेलो नाही. पाचव्या मिनिटाला कळलं की चढ हवा तिथे उतार लागलाय. दहाव्या मिनिटाला सगळीकडे सारखीच कारवी. फोन काढला, तो निवांत होता. वाट चुकल्यास जागेवर बसून राहावे, हे वाक्य मला तोंडपाठ होतं, मीच लिहिलं होतं. मी तासभर वेड्यासारखा फिरलो. पँट गुडघ्यावर फाटली, पाणी संपलं. मग बसलो.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. बरोबर एक वाजता सहा जणी गळ्यात डब्या घालून पाराजवळ आल्या. बुरुजावर किती वारा होता वगैरे सगळं ठरवून आल्या होत्या. ओल्या केसांबद्दल काय सांगायचं तेही ठरलं होतं, घाम. आणि समोर बघतात तर लॅपटॉप चालू, मी नाही. काकूंनी चष्मा लावून पडदा वाचला. सहाही ठिपके मारुतीच्या देवळात. मामांनी खिंडीतली भेट सांगून टाकली आणि आजोबांनी विडीची गोष्ट.

"त्याच्या गळ्यात काय आसा?" आईने विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या.

आईने तिथेच पिशवी ठेवली आणि बूट पुन्हा घट्ट बांधले. शोधायला मामा, आई आणि कोळीण मावशी निघाले. तिघांनी डब्या घालूनच जायचं असं काकूंनी बजावलं, आणखी कुणी हरवायला नको म्हणून. त्या स्वतः लॅपटॉपसमोर बसून राहिल्या आणि तिघं कुठून कुठे गेले ते वहीत काढत राहिल्या. पहिल्या फेरीत मी न सापडल्यावर मामा पाणी प्यायला पारापाशी खाली आले, तेव्हा काकूंनी त्याच वहीवर बोट ठेवून सांगितलं, "हा ओढ्यापलीकडचा तुकडा राहिलाय." मी दोन महिने खपून जे बनवलं होतं त्याचा पहिला खरा उपयोग तो.

मला वर काहीच माहीत नव्हतं. मी दगडावर बसून होतो आणि बिल्डिंगमध्ये हे कसं सांगायचं याचा विचार करत होतो. साडेतीनच्या सुमाराला डोंगरावरून आवाज आला. लांब, खणखणीत, शेवटी वर चढणारा.

"बोंबीईईल. ताजे बोंबीईईल."

मला वाटलं ऊन लागलं. मग पुन्हा आला. "पापलेट, सुरमय, बोंबीईईल." मावशी नंतर म्हणाली की माझ्या नावाने तिने आधी पाच-सहा हाका मारल्या, पण आवाज पोचेना. तिचा गळा पंचवीस वर्षं ज्या शब्दांवर घासला गेला तेच शब्द तीन मजले चढून जायचे, म्हणून तिने तेच काढले. मी उठून उभा राहिलो आणि जीव खाऊन ओरडलो. काय ओरडावं सुचेना म्हणून "आलो" म्हणालो, जसं दारातून म्हणतात तसं.

कारवी बाजूला करत आधी मामा आले, मग मावशी. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हा बघ, काटाबिटा काढल्यासारखा झालाय." मागून आई आली. तिचे केस वाळले होते. थोडा वेळ ती नुसती दम घेत उभी राहिली.

"खंय होतंस?"

"तुम्हाला शोधत होतो."

"आमी नाय हरवलंव." तिने बाटली पुढे केली. मी पाणी पीत असताना तिने खालच्या आवाजात विचारलं, "तू वरती इल्लंस? काठावर?"

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी खोटं बोललो की बघायची तशी. पण त्या वेळी मागोमाग धपाटा असायचा, आज तिने फक्त माझ्या शर्टावरचा कारवीचा पाला झटकला.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. बाकीच्या झोपल्या होत्या. तिने स्वतःहूनच सांगितलं. गावी त्यांच्या घरामागे खाडी होती. बारा वर्षांची असल्यापासून ती भरतीला पलीकडे पोहत जायची आणि ओहोटीला चालत यायची. लग्न होऊन मुंबईत आली, दहा बाय बाराच्या खोलीत, नळाला पाणी पहाटे. मग कुठलं पोहणं. मामांच्या बायकोने कर्जतच्या बाजारातून फोन करून डोहाचं सांगितल्यापासून पंधरा दिवस तिला झोप नव्हती. मावशीने बेत आखला, काकूंनी यादी केली, आणि माझ्या बायकोने टॉवेल आणि जुने गाऊन पिशवीत भरून दिले.

"मला सांगायचं ना," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

मी विचार केला. पाणी किती खोल आहे विचारलं असतं. साखरेचं काढलं असतं. वय काढलं असतं. शेवटी नको म्हटलं असतं, आणि वर डोहाभोवती लाल रेघ मारून ठेवली असती.

"आणि जिलबी अर्धीच खाल्ली होती," ती म्हणाली. "अर्धी मावशीने खाल्ली. तुझ्या डबीला ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी कोळीण मावशीने बिल्डिंगमध्ये सगळ्यांना गोष्ट सांगितली. महिनाभर लिफ्टमध्ये कुणीही भेटलं की "बोंबील" म्हणायचं. आईने मात्र हसण्याच्या पलीकडे एक काम केलं. एका रविवारी ती साकीनाक्याला गाळ्यावर आली, स्टुलावर बसली आणि काय पाहिजे ते सांगितलं. डबीवर एक बटण हवं. ते दाबलं की जागा दिसायची बंद, पण ठिपका हिरवा राहायचा.

"हिरवा म्हणजे काय?"

"म्हणजे आम्ही बऱ्या आहोत आणि तू बघू नको."

"किती वेळ?"

तिने मनात हिशोब केला. "एक तास. तासानंतर आपोआप चालू झालं तर चालेल. आणि कुणी पडलं-झडलं तर तेच बटण धरून ठेवलं की लगेच दिसायला हवं. तेवढं मी पण समजते."

साकीनाक्याला इतकी वर्षं गिऱ्हाइकं बघितली, पण इतकं स्पष्ट काम कुणी सांगितलं नव्हतं. मी महिन्याभरात बटण बसवलं. सातवी डबीही केली, ती माझी, आणि तिचा ठिपका बघायला काकू असतात. आता बाकीचे ट्रेकचे गट डब्या भाड्याने नेतात. नाहूरच्या एका तरुण मुलांच्या गटाने बटण कशाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, वापरून बघा, कळेल.

मागच्या हिवाळ्यात आईचा गट पुन्हा त्याच वाडीला गेला. अकराला सहाही ठिपके एकामागोमाग हिरवे झाले. मी लॅपटॉप अर्धा मिटला आणि आजोबांशी भाताच्या पिकाबद्दल बोलत बसलो. पन्नास मिनिटं झाली. साठ झाली. सिग्नल यायला दोन मिनिटं लागतातच, हे मला माहीत आहे, मीच तसं केलंय. बासष्ट. चौसष्टला मी एका पायात बूट चढवला. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि तंबाखूची डबी पुढे केली. मी तंबाखू खात नाही. तरी घेतली, हातात धरून बसलो, आणि ठिपके आले. सहा, एकमेकांपासून चांगले लांब लांब, रमतगमत.